फ्लॉरेन्सचं टू-स्टार हॉटेल: गरम पाणी दोघांपुरतं, दुओमो कॅथेड्रल पाच मिनिटांवर

दिवाळीत इटलीला जाऊन आल्यापासून बिल्डिंगमधल्या निदान चार जणांनी लिफ्टमध्ये गाठून एकच प्रश्न विचारलाय, हॉटेल कुठे घेतलंत, सेंटरमध्ये की बाहेर, आणि केवढ्याला पडलं. सतरा मजल्यांत जेवढं सांगता येतं तेवढं सांगून झालं, आता एकदाच सविस्तर लिहून टाकते. रोम-व्हेनिस सगळं नाही, फक्त फ्लॉरेन्सच्या चार रात्री, कारण तिथल्या हॉटेलला धड चांगलंही म्हणता येत नाही आणि वाईट म्हणायला जीभ रेटत नाही. नाव मुद्दाम टाकत नाहीये. एक तर तक्रारी बऱ्याच आहेत, आणि दुसरं म्हणजे ह्या टाइपची हॉटेलं तिथे गल्लोगल्ली आहेत, जुन्या वाड्याचा एखादा मजला घेऊन आठ-दहा खोल्या काढलेल्या, त्यामुळे मी लिहितेय ते थोड्याफार फरकाने सगळ्यांनाच लागू पडेल.

माणसं तीन. मी, नवरा आणि सासूबाई. आईंचं वय ६९, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी, आणि फ्लॉरेन्स खरं म्हणजे त्यांच्यामुळेच ठरलं, ते पुढे सांगते.

नवऱ्याने नेहमीप्रमाणे एक्सेल शीट केली होती. नोव्होलीच्या बाजूला, म्हणजे ट्रामने स्टेशनपर्यंत यायचं अशा भागात, तिघांची रूम रात्रीला ८८ युरोला मिळत होती. नवीन बिल्डिंग, मोठी लिफ्ट, सगळं टकाटक. सेंटरमध्ये, सान लोरेन्झोच्या बाजारामागे, टू-स्टार हॉटेलात तशीच रूम १३२ ला. शंभरने गुणा म्हणजे रुपये होतील साधारण. ट्रामचं तिकीट १.७० युरो, नव्वद मिनिटं चालतं, तिघांचं जाऊन-येऊन दिवसाला दहा-सव्वादहा युरो, म्हणजे हिशोबाने बाहेरचंच स्वस्त होतं आणि नवरा तेच धरून बसला होता. मी त्याला एवढंच विचारलं की अरे, ठाण्यात तलावपाळी, कोपिनेश्वर आणि राम मारुती रोड बघायला आलेल्या पाहुण्याला तू पार गावाबाहेर कासारवडवलीला हॉटेल घेऊन देशील का? माझं माहेर नौपाड्यातलं, लग्नानंतर घोडबंदर रोडला आले, त्यामुळे गावात राहणं आणि गावाबाहेरून गावात येणं ह्यातला फरक मला कुणी शीटमध्ये भरून दाखवायची गरज नाही. सेंटरचं बुक झालं.

आता पोचण्याची गंमत. रोमहून फास्ट ट्रेनने दीड तासात सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनला उतरलो, मॅप म्हणतो नऊ मिनिटं चालत. ते नऊ मिनिटं रिकाम्या हाताने. रस्ते सगळे दगडी फरशांचे, त्यांच्यामधल्या फटीत बॅगेचं चाक अडकतं आणि तीन बॅगा एकदम ओढल्या की असा खडखडाट होतो की वरच्या खिडक्यांतून लोक बघतात. त्यात पत्ता सापडेना. आमचा नंबर होता २७, आणि २७ नंबरला होतं चामड्याच्या पट्ट्यांचं दुकान. दोनदा पुढेमागे केलं, आई एका पायरीवर बसल्या, मला वाटलं झालं, फसवलं आपल्याला. शेवटी दुकानातला मुलगा, बांगलादेशी होता, बाहेर येऊन हिंदीत म्हणाला, दीदी, लाल नंबर दुकान का, नीला नंबर घर का. म्हणजे त्या शहरात एकाच रस्त्यावर नंबरांच्या दोन वेगळ्या रांगा आहेत, दुकानांचे लाल आणि घरांचे निळे किंवा काळे, आणि दोन्ही रांगा आपापल्या चालीने पुढे सरकतात, त्यामुळे लाल २७ आणि निळा २७ शेजारी असतीलच असं काही नाही. आमचा निळा २७ शंभर पावलं पुढे होता. पत्त्यात आकड्यापुढे ‘आर’ लिहिलं असेल तर लाल, नसेल तर दुसरा. हे बुकिंगच्या ईमेलमध्ये एका ओळीत लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं कुणास ठाऊक.

हॉटेलची पाटी म्हणजे पितळी बेलच्या शेजारी बोटाएवढी अक्षरं. बाकी तो भलामोठा लाकडी दरवाजा, आत थंडगार अंधारा जिना, आणि हॉटेल तिसऱ्या मजल्यावर. खालच्या मजल्यांवर वकिलाचं ऑफिस, दातांचा डॉक्टर आणि राहती कुटुंबं. तिसरा मजला ऐकून घाबरू नका म्हणणार होते, पण घाबरा, कारण एकेका मजल्याची उंची आपल्या दीड मजल्याएवढी. लिफ्ट आहे. लिफ्ट म्हणजे आतून जाळीचं दार असलेलं लोखंडी कपाट, दोन माणसं किंवा एक माणूस आणि एक बॅग, आणि दार नीट लागलं नाही तर ती हलतच नाही, वरून कुणीतरी ओरडतं मग. पहिली फेरी आई आणि त्यांची पर्स. नंतर बॅगा एकेक.

अख्खं जुनं शहर १९८२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, तिथे कुणी नवीन टॉवर बांधून हॉटेल काढणार नाही, जे काही आहे ते चारशे-पाचशे वर्षांच्या भिंतींत बसवलेलं, त्यामुळे लिफ्ट अशीच असणार हे मी समजू शकते. पण वेबसाइटवर नुसतं ‘लिफ्ट उपलब्ध’ लिहून मोकळं होणं बरं नव्हे.

रिसेप्शनला मालकीणबाईच, साठीच्या, चष्मा साखळीला लावलेला. पासपोर्ट घेतले, माहिती भरली. ते सगळीकडेच करतात, पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे पाठवणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे, आमचे हे उगाच टेन्शनमध्ये आले होते. मग सिटी टॅक्स. हा बुकिंगच्या किमतीत धरलेला नसतो हे लक्षात ठेवा, तो माणशी, दर रात्रीचा, हॉटेलच्या स्टारप्रमाणे. आमच्या टू-स्टारला साडेचार युरो, तिघं गुणिले चार रात्री, झाले ५४. म्हणजे पाच हजार चारशे रुपये नुसते टॅक्सचे, आणि नवऱ्याने माझ्याकडे बघितलं ते मी बघितलं नाही असं दाखवलं. मग तीन किल्ल्या मिळाल्या, खालच्या दाराची, मजल्याच्या दाराची आणि खोलीची, कारण रात्री दहानंतर रिसेप्शनला कुणी नसतं.

खोली मात्र सुंदर. लाल मातीच्या लाद्या, उंच छत, त्याला जाड लाकडी तुळया, मला एकदम आजोळच्या माजघराची आठवण झाली. एक डबल बेड, तो म्हणजे दोन सिंगल चिकटवलेले आणि मधल्या फटीत मी, आणि एक खाट खिडकीशी आईंना. खिडकीला हिरव्या लाकडी फळ्यांची झापं. जाहिरातीत ‘डोम व्ह्यू’ लिहिलं होतं. खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर वाकून डावीकडे मान वळवली की लाल कौलांचा घुमट दिसतो खरा, नवऱ्याने वीस फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले पण, ब्रुनेलेस्कीचा डोम, १४३६ सालचा, वगैरे. दुसऱ्या दिवशी कळलं तो दुओमोचा नाहीच, सान लोरेन्झो चर्चच्या मागे मेदिची राजघराण्याची जी दफनाची चॅपल आहेत त्यांचा. डोम आहे, व्ह्यू आहे, खोटं काहीच नाही लिहिलेलं.

आता थंडी. ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिथे दिवसा छान असतं, स्वेटर हातात घेऊन फिरावं असं, पण रात्री पारा दहाच्या आसपास येतो आणि त्या जाड दगडी भिंती थंडी धरून ठेवतात. खोलीत खिडकीखाली रेडिएटर होता, मी त्याची चावी इकडे फिरव तिकडे फिरव, गार ढिम्म. रिसेप्शनला जाऊन सांगितलं तर बाई शांतपणे म्हणाल्या, पहिली नोव्हेंबर. मला वाटलं मेकॅनिक पहिल्या नोव्हेंबरला येणार. नाही. इटलीत हवामानाप्रमाणे गावांचे झोन पाडलेत आणि कुठल्या झोनमध्ये हीटिंग कुठल्या तारखेपासून, रोज किती तास, ते सरकार ठरवतं. फ्लॉरेन्स डी झोनमध्ये, तिथे १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, तेही दिवसाला जास्तीत जास्त बारा तास. इमारतीचा बॉयलर सामायिक, म्हणजे त्यांनी ठरवलं तरी चालू करता येत नाही. एसी आहे तो फक्त थंड करणारा. हे वाचून तुम्हाला वाटेल की मग हॉटेलचा काय दोष. दोष हा की रूमच्या वर्णनात ‘हीटिंग’समोर बरोबरची खूण केलेली होती आणि आम्ही तारखा टाकून बुक केलं होतं. ब्लँकेटं मागितल्यावर लगेच दिली, लोकरीची, जड, चांगली, पण मागितल्यावर. आईंना पहिल्या रात्री झोप लागली नाही आणि त्याचं मला फार वाईट वाटलं, कारण सेंटरचा हट्ट माझा होता. ऑक्टोबर किंवा एप्रिलच्या शेवटी म्हातारी माणसं घेऊन जाणार असाल तर ईमेल करून स्पष्ट विचारा, खोलीत गरम हवा सोडणारा एसी आहे का. हो-नाही मध्ये उत्तर घ्या.

बाथरूमवर वेगळा निबंध होईल. भिंतीवर छोटा बॉयलर, दोन माणसांच्या आंघोळी नीट, तिसऱ्याला कोमट आणि मग गार. एरवी चाललं असतं, पण मध्ये नरकचतुर्दशी आली आणि आई उटणं घेऊन आल्या होत्या. पहाटे साडेपाचला उठून अभ्यंगस्नान, त्या शॉवरच्या काचेच्या खोक्यात, जिथे वाकून साबण उचलायचा तर दार उघडावं लागतं. आधी आई, मग नवरा, मग मी. सूर्योदयाआधी आंघोळ न करणारा नरकात जातो म्हणतात, त्या दिवशी आंघोळ करणारीच गेली. कारीट कुठून मिळणार, आदल्या दिवशी मर्काटो चेन्त्राले मधून आणलेला चेरी टोमॅटो नवऱ्याने अंगठ्याने फोडला, गोविंदा गोविंदा म्हणून, आणि ते बी उडून पांढऱ्या टाइल्सवर. पणती लावायची नाही हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, स्मोक अलार्म असतात, बॅटरीचे दिवे नेलेले ते खिडकीत लावले.

बिडे आहे, म्हणजे कमोडशेजारी बसून धुवायचं बुटकं बेसिन. इटलीत घर बांधताना निदान एका बाथरूममध्ये बिडे हवाच असा १९७५ पासून नियमच आहे, त्यामुळे युरोपात आपल्या माणसांची जी पंचाईत होते ती इथे निम्मी सुटते. जेट नाही, पण नाही त्यापेक्षा बरं. आणि एक दोरी. शॉवरच्या शेजारी वरून एक दोरी लोंबत असते, ती कपडे वाळत घालायची नाही, तिला ओढलं की रिसेप्शनला घंटा वाजते, आत कुणी पडलं-बिडलं तर मदतीसाठी. हे आम्हाला कसं कळलं ते वेगळं सांगायला नको. बाई धावत आल्या, आईंच्या हातात ओला टॉवेल, दोघी एकमेकींकडे बघतायत.

ब्रेकफास्ट किमतीत धरलेला आहे आणि तेवढ्याच लायकीचा आहे. प्लास्टिकमध्ये बांधलेले टोस्ट, जॅमच्या डब्या, केक, कॉर्नफ्लेक्स, दही, मशीनची कॉफी. तिकडे सकाळी गोडच खातात, तिखट-मिठाचं काही मागितलं तर चीजचा एक तुकडा. ब्रेड घेतलात तर तो अळणी लागेल, मीठ विसरलेले नाहीत, टस्कनीतला पावच बिनमिठाचा असतो. आईंनी पिशवीतून भडंग काढलं. (दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे म्हणून पेढे-बर्फीच्या भानगडीत पडलो नव्हतो, भडंग, चकल्या आणि चिवडा एवढंच.) चहाची मात्र परवड. खोलीत किटली नाही, आमच्या तीन पिनवाल्या किटलीला तिथलं सॉकेट चालेना, दोन पिनचे मोबाइल चार्जर बसतात. दुसऱ्या दिवसापासून खालच्या बारमध्ये उभ्याने कॉफी प्यायला लागलो, तिथे काउंटरवर उभं राहून प्यायलं तर स्वस्त आणि टेबलावर बसलं की दर बदलतो, आपल्याकडच्या उडप्याच्या एसी सेक्शनसारखं.

आवाज. रात्री एकपर्यंत गल्लीत लोक गप्पा मारत जातात आणि पहाटे कचऱ्याची गाडी काचेच्या बाटल्या ओतते, तेव्हा अख्ख्या ठाण्यातल्या स्टीलच्या भांड्यांची दुकानं एकदम कोसळल्यासारखं वाटतं. झापं लावून घेतली तर अंधार पूर्ण होतो, आवाज कमी होत नाही. मला नौपाड्याची सवय, मी झोपले. डासही आहेत, जाळी नाही.

एवढं सगळं झालं, मग मी ह्याला पाचपैकी साडेतीन का देतेय?

दुपारसाठी. तिथे फिरणं म्हणजे दगडावर चालणं आणि रांगेत उभं राहणं. उफिझी म्युझियममध्ये अडीच तास झाले की आईंचे गुडघे संपले, आणि आम्ही बारा मिनिटांत खोलीत. पाय वर करून तास-दीड तास पडल्या, चहा नव्हता पण पडल्या, आणि साडेचारला स्वतःच म्हणाल्या, चला, तो सोन्याच्या दुकानांचा पूल बघू. पोन्ते वेक्कियो, १३४५ चा पूल, त्याच्यावर आधी खाटीक वगैरे होते, १५९३ मध्ये तिथल्या ड्यूकने वासाला कंटाळून त्यांना हाकललं आणि सोनार बसवले, तेव्हापासून सोनारच. आईंना एकही डिझाइन पसंत पडलं नाही, पण एकेका खिडकीपाशी थांबून थांबून दीड तास बघितलं. नोव्होलीला राहिलो असतो तर दुपारी परत गेलो नसतो, आणि दुपारी परत गेलो नसतो तर संध्याकाळ हॉटेलातच गेली असती. नवरा दुओमोच्या घुमटावर चढला तेव्हाही तेच, ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आम्ही दोघी खोलीवर निवांत, तो घामाघूम होऊन पाच मिनिटांत परत, आणि मग बिडेमध्ये पाय सोडून बसला. बाथरूमला जायला कॅफेत उगाच कॉफी विकत घ्यावी लागत नाही हा वेगळा फायदा, साठीपुढच्या माणसांना विचारा किती मोठा आहे तो. रोजचे चाळीस-पन्नास युरो जास्त गेले ते ह्या दुपारींचे गेले असं मी धरते.

आणि आता आईंचं कारण. त्यांचं माहेर कोल्हापूर. कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्येच वारले, अवघ्या विशीत, आणि काशिने नावाच्या तिथल्या मोठ्या बागेच्या टोकाला, जिथे मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथे, संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथे त्यांची छत्री आहे, रंगीत अर्धपुतळा आणि वर घुमटी, १८७४ ची. आईंनी हे लहानपणापासून ऐकलेलं, बघितलं कुणीच नव्हतं घरातलं. पण ती बाग तीन-साडेतीन किलोमीटर लांब आणि छत्री नेमकी लांबच्या टोकाला, ट्राम अलीकडेच सोडते. आणि तिथे रस्त्यात हात करून टॅक्सी थांबत नाही, स्टँडवर जावं लागतं नाहीतर फोन करून बोलवावी लागते.

मी मालकीणबाईंना ‘इंडियानो’ म्हटल्यावर त्यांना वाटलं आम्हाला पूल हवाय, कारण तिथल्या मोठ्या पुलाचं नावच पोन्ते आल्लिंडियानो, म्हणजे इंडियनचा पूल. म्हणाल्या तिथे काय बघणार, गाड्या जातात नुसत्या. मग आईंनी स्वतः सांगायला घेतलं, मराठीत, राजा, आमचा, कोल्हापूर, आणि हाताने डोक्यावर फेटा दाखवला. बाईंनी चष्मा काढून साखळीवर सोडला. त्या जन्माने तिथल्याच, आयुष्यभर ‘इंडियानो’ म्हणत आलेल्या, पुतळा लहानपणी सायकलवरून बघितलेला, पण तो कुणाचा कोण हे कधी विचारलंच नव्हतं म्हणाल्या. टॅक्सी बोलावून दिली, ड्रायव्हरला फोनवर बराच वेळ काय काय समजावलं, आणि परतीची टॅक्सी किती वाजता पाठवू तेही विचारून घेतलं. ह्याचे पैसे लावले नाहीत. अॅपवाल्या, दाराच्या कोडवाल्या अपार्टमेंटमध्ये हे कुणी केलं असतं?

छत्रीपाशी आम्ही तिघंच होतो, एक-दोन जण पळायला आलेले. आईंनी घरून आणलेलं हळदकुंकू कठड्याशी वाहिलं. फोटो काढू दिला नाही.

तर कुणी घ्यावं. दोघं-तिघं असाल, बॅगा हलक्या, चालायची तयारी असेल आणि दुपारी पडायची सवय असेल तर असंच सेंटरमधलं साधं घ्या, मजला आणि लिफ्टचं माप आधी विचारून. गाडी भाड्याने घेणार असाल तर अजिबात नको, जुन्या शहरात परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही, कॅमेरे लावलेत, चुकून शिरलात तर दंडाचं पत्र ठाण्याला येईल महिन्यांनी. व्हीलचेअर असेल तर बाहेरचं नवीन बघा, निमूटपणे. आणि सोमवार टाळून तारखा पाडा, उफिझी आणि डेव्हिडच्या पुतळ्यावालं अकाडेमिया दोन्ही सोमवारी बंद.

स्वच्छतेला चार, चादरी रोज नाही पण कडक इस्त्रीच्या. बाथरूमला दोन. ब्रेकफास्टला दीड. जागेला पाच. वर्णनाच्या खरेपणाला दोन, डोममुळे. माणसाला साडेचार, अर्धा गुण ब्लँकेटं आपणहून न दिल्याबद्दल कापला.

निघताना बॅगा दिवसभर ठेवून घेतल्या, फुकट. आईंनी उरलेलं भडंगाचं एक अख्खं पाकीट बाईंना दिलं, दिवाळीचं म्हणून. बाईंनी उलटसुलट करून बघितलं, एक दाणा खाल्ला, डोळ्यात पाणी आलं तरी मान डोलावली, आणि मग ब्रेकफास्टच्या टेबलावरच्या कॉर्नफ्लेक्सच्या बरणीकडे बोट दाखवून विचारलं, दुधात घालून ना? आई मला म्हणाल्या, अगं सांग तिला, सांग लवकर.